फर्माइशींची वही: किंग्सबरीच्या मेटल क्लबात डीजे काय करत होता

प्रश्न असा आला आहे: "आम्ही चार-पाच मित्र पुण्यात महिन्यातून एकदा मेटल नाइट सुरू करतोय. हॉटेलवाला विचारतो, बँड नसेल तर डीजे नक्की करणार काय? ही गाणी मिक्स होत नाहीत, लोक नाचत नाहीत. आणि लंडनमधल्या एका क्लबच्या डीजेनं म्हणे हेवी मेटलची अख्खी लाट उभी केली. हे खरं, की चाहत्यांनी रचलेली दंतकथा?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, हॉटेलवाल्याचं उत्तर त्यातच आहे. क्लब खरा, डीजेही खरा. लाट त्यानं उभी केली असं मात्र मी म्हणणार नाही. ती येतच होती. ती केवढी आहे हे त्यानं पहिल्यांदा मोजलं आणि ते मोजमाप दर आठवड्याला छापून यायला लागलं. पंचवीसेक वर्षं हेच काम करतोय मी (लग्नसराईत काय काय वाजवतो ते विचारू नका), त्यामुळे हा फरक मला मोठा वाटतो.

क्लबचं नाव साउंडहाउस. वायव्य लंडनमध्ये किंग्सबरी सर्कल म्हणून चौक आहे, तिथं 'प्रिन्स ऑफ वेल्स' नावाचा पब होता. त्या पबला जोडलेला मागचा हॉल म्हणजे 'बँडवॅगन'. १९७५ मध्ये नील के नावाचा डीजे तिथं रेकॉर्ड वाजवू लागला आणि त्याच्या रात्रींना 'बँडवॅगन हेवी मेटल साउंडहाउस' हे नाव पडलं. नाइटक्लब म्हटलं की काचेचे गोळे, पाण्यासारखा पैसा आणि दारावर गेंड्यासारखा माणूस डोळ्यांसमोर येतो. इथं तसलं काही नव्हतं. उपनगरातला पब, त्याची मागची खोली, अंगात डेनिमची जाकिटं घातलेली कामगारवस्तीतली आणि शाळा-कॉलेजातली पोरं.

माझी एक मावसबहीण डॉलिस हिलला राहायची, महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू आहे त्याच भागात. तिच्याकडे गेलो असताना एका दुपारी मुद्दाम किंग्सबरीला जाऊन आलो. ज्युबिली लाइननं तिसरं स्टेशन. साउंडहाउसच्या ऐन भरात ही गाडी बेकरलू लाइनची होती. ज्युबिली लाइन सुरू झाली १ मे १९७९ ला, म्हणजे नेमकी आपल्या महाराष्ट्र दिनी. किंग्सबरी रोडवर आज गुजराती दुकानं, मिठाई, फरसाण. चौकात अर्धा तास उभा राहिलो. फलकबिलक काही दिसला नाही मला. एका दुकानातनं गाठ्या घेतल्या आणि परत आलो. बहीण म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन गाठ्या?"

आता त्या काळाचा थोडा अंदाज घ्या, नाहीतर नील केच्या कामाचं वजन कळणार नाही. १९७६-७७ ला इंग्लंडात पंकचा धुमाकूळ होता. संगीतावरची तीन साप्ताहिकं सगळी पोरं वाचायची: 'एनएमई', 'मेलडी मेकर' आणि 'साउंड्स'. त्यांतल्या बऱ्याच शहाण्यांचं मत होतं की लांब केस, लांब सोलो आणि हेवी मेटल या तिन्ही गोष्टी संपल्या. डिस्कोथेकमध्ये गेलात तर डिस्को लागणार. रेडिओवर मेटल जवळपास नाहीच. बीबीसी रेडिओ १ वर टॉमी व्हान्सचा शुक्रवारचा रॉक शो सुरू झाला तोच नोव्हेंबर १९७८ मध्ये. म्हणजे जूडस प्रीस्ट, यूएफओ, स्कॉर्पियन्स, रश, माँट्रोझ ही मंडळी आवडणाऱ्या पोरानं ती ऐकायची कुठं? घरी, स्वतःच्या खोलीत, आई खालून ओरडेपर्यंत. आपल्यासारखे आणखी किती आहेत हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता.

तेव्हाच्या रॉक क्लबांत डीजे असायचा, नाही असं नाही. वॉर्डर स्ट्रीटवरच्या मार्की क्लबात जेरी फ्लॉइड रेकॉर्ड वाजवायचा. पण त्याचं काम दोन बँडांच्या मधला वेळ भरायचं. तमाशात वग उभा राहीपर्यंत ढोलकी वाजते ना, तसं. मुख्य खेळ बँडचा. साउंडहाउसमध्ये हे उलटं झालं. तिथं पुढं बँडही वाजले, पण लोक यायचे ते रेकॉर्ड ऐकायला. रेकॉर्ड हाच कार्यक्रम आणि डीजे हाच मंचावरचा माणूस. त्यासाठी नीलनं एक गोष्ट धरून ठेवली: आवाज मैफलीच्या मापाचा पाहिजे. डिस्कोचे दोन खोके ठेवून भागणार नाही, बँडला लागतो तसा मोठा पीए, म्हणजे स्पीकर-अ‍ॅम्प्लिफायरचा संच पाहिजे. घरच्या स्पीकरवर शंभरदा ऐकलेलं गाणं छातीत बसलं पाहिजे.

हे बोलायला सोपं आहे. ज्यानं केलंय त्याला विचारा.

मोठ्या पीएसमोर टर्नटेबल (आमच्या भाषेत डेक) ठेवलं की पहिला शत्रू म्हणजे फीडबॅक. माइकची शिट्टी सगळ्यांना माहीत असते, पण रेकॉर्डची सुईदेखील एक प्रकारचा माइकच आहे. बेसचा हादरा जमिनीतून टेबलात, टेबलातून डेकमध्ये, डेकमधून सुईत, सुईतून परत पीएमध्ये. आधी नुसती घुंऽऽ अशी गुरगुर, मग ती वाढत जाते आणि सगळा बेस खाऊन टाकते. माझ्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमात हेच झालं. एका होस्टेलचा हॉल, लाकडी स्टेज, गणपती मंडळांना साउंड देणाऱ्याकडून आणलेले चार बेस. पहिल्याच गाण्याला असा आवाज आला की जनरेटर बिघडला म्हणून वॉचमन मागं पळत गेला. साउंडवाल्या काकांनी उपाय सांगितला: बांधकामावरची शहाबादी फरशी उचलून आणा, तिच्याखाली स्कूटरच्या ट्यूबचे तुकडे घाला आणि वर डेक ठेवा. जड फरशी हलत नाही आणि रबर हादरा खातं. आजही माझ्या गाडीत एक फरशी असते. लोकांना वाटतं, हा माणूस घराचं काम काढलेला आहे.

दुसरा शत्रू म्हणजे प्रेक्षक. प्रेमानंच, पण उड्या मारतात. लाकडी जमिनीवर शंभर माणसं एका ठेक्यावर मान हलवायला लागली की सुई खाच सोडून पुढं जाते. कोणी म्हणतं, सुईवर वजन वाढवा. थोडं वाढवता येतं, फार वाढवलं तर रेकॉर्डची खाच कुरतडते. स्टेज आणि जमीन वेगळी ठेवणं हा खरा उपाय, आणि भाड्याच्या हॉलात तो आपल्या हातात नसतो.

तिसरी भानगड एलपीची, म्हणजे अनेक गाण्यांच्या मोठ्या रेकॉर्डची. एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास गाणी कोंबलेली असली की खाचा बारीक होतात, आवाज आणि बेस दोन्ही उतरतात. तेच गाणं मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या सिंगलवर, म्हणजे एका गाण्याच्या छोट्या रेकॉर्डवर असेल तर खाच रुंद, आवाज भरदार. म्हणून जुने डीजे एलपी असूनही सिंगल शोधत फिरायचे. शिवाय मेटलमध्ये हवं असलेलं गाणं हमखास बाजूच्या मधोमध असतं. अंधारात, बॅटरी तोंडात धरून, दोन गाण्यांमधली गुळगुळीत पट्टी शोधायची आणि तिथं सुई ठेवायची. हेडफोनमध्ये पहिला ठोका पकडायचा, रेकॉर्ड बोटानं अर्धी फेरी मागं घ्यायची आणि तशीच धरून ठेवायची. चालू गाणं संपायला चार सेकंद असतात आणि तेवढ्यात कोणीतरी खांद्यावर हात ठेवून विचारतो, "भाऊ, सॅबथ लावणार का?"

आता मिक्सिंग. तुमचा हॉटेलवाला बरोबर बोलतोय: ही गाणी डिस्को किंवा हाउससारखी एकमेकांत विरघळत नाहीत. त्या काळचे ड्रमर मेट्रोनोमवर वाजवत नसत. कोरसला गाडी जरा पळते, सोलोला आणखी पळते, मग मध्येच निम्म्या गतीचा तुकडा येतो. दोन गाण्यांचे ठोके जुळवायला गेलात तर वीस सेकंदांत दोन बैल दोन दिशांना. म्हणून मेटलचा डीजे जुळवत नाही, रांग लावतो. कुठलं गाणं कसं संपतं आणि कुठलं कसं उघडतं, हे त्याला पाठ असावं लागतं. झांजेच्या घुमाऱ्यावर संपणाऱ्या गाण्यानंतर एकट्या गिटारनं उघडणारं गाणं. धाडकन बंद होणाऱ्या गाण्यानंतर एक श्वासाची शांतता, मग लगेच ड्रमचा फटका. ती शांतता किती ठेवायची, हीच खरी कला आहे. मी अजूनही कधी कधी अर्धा सेकंद जास्त ठेवतो आणि हॉल थंड होतो.

आणि लोक नाचत नाहीत म्हणे. साउंडहाउसमधली पोरं काय करायची? हार्डबोर्डचे तुकडे कापून गिटारी बनवायची, त्यांना रंग द्यायची आणि नीलच्या मंचासमोर उभी राहून रेकॉर्डबरोबर 'वाजवायची'. तार नाही, आवाज नाही, पण सोलोचा सूर न सूर बोटांवर. त्यांतला सगळ्यांत गाजलेला पोऱ्या रॉब लूनहाउस या टोपणनावानं ओळखला जायचा. लंडन वीकेंड टेलिव्हिजनवर डॅनी बेकरनं सादर केलेल्या एका कार्यक्रमात तो आपली लाकडी गिटार घेऊन दिसतो. आज एअर गिटारची जागतिक स्पर्धा फिनलंडमध्ये औलूला होते, १९९६ पासून. लोक हसतात त्याला. मला यात हसण्यासारखं कमी आणि समजण्यासारखं जास्त दिसतं. भजनाला बसलेला माणूस हातात टाळ नसला तरी मांडीवर ठेका धरतोच. ऐकणं अंगात उतरलं की हात रिकामे बसत नाहीत. मंचावर बँड नव्हता, तर पोरांनी स्वतःच बँडची जागा भरून काढली.

इथवरचं काम पीएचं आणि पोरांचं. नीलचं स्वतःचं काम यापुढचं.

तो फर्माइशी मोजायचा. आठवडाभरात कुठल्या गाण्याला किती जणांनी मागणी केली, त्यावरून यादी लावायची. पहिला, दुसरा, तिसरा. ही यादी तो 'साउंड्स' साप्ताहिकाकडे पोचवू लागला आणि ती तिथं हेवी मेटल चार्ट म्हणून छापून येऊ लागली. आपल्याकडे पन्नाशीच्या पुढच्या कोणालाही हे ओळखीचं वाटेल. रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये सुरू झालेल्या बिनाका गीतमालेत अमीन सायानी गाण्यांना पायदान द्यायचे, ते रेकॉर्डच्या खपावर आणि श्रोता संघांच्या पत्रांवर. झुमरीतलय्या हे गाव कुठं आहे ते ठाऊक नसलेल्यांनाही त्याचं नाव पाठ झालं, ते फर्माइशींमुळे. किंग्सबरीचं तसंच झालं. फरक एवढाच, की सिलोनला अख्ख्या देशातून पत्रं यायची आणि नीलकडे एका पबच्या मागच्या हॉलातली मागणी होती.

एका हॉलची यादी म्हणजे देशाची आवड नव्हे, हे उघड आहे. जे येतात तेच मागतात, जे मागतात तेच वर जातं, आणि जे वर जातं ते ऐकायला पुन्हा तेच येतात. पाच मित्रांनी ठरवलं तर एखादं गाणं सहज वर सरकवता येईल. पण त्या वेळी दुसरं कुठलंच मोजमाप नव्हतं. अधिकृत टॉप ४० मध्ये दुकानातल्या सिंगलचा खप मोजला जायचा, आणि मेटलवाली पोरं सिंगलपेक्षा एलपी घ्यायची. त्यामुळे त्या तराजूत ती फारशी दिसतच नव्हती. नीलचा तराजू लहान होता, पण तो योग्य दुकानात लावलेला होता.

ऑगस्ट १९७८ मध्ये 'साउंड्स'चा जेफ बार्टन प्रत्यक्ष किंग्सबरीला गेला आणि साउंडहाउसवर त्यानं ऐसपैस लेख लिहिला. हार्डबोर्डच्या गिटारींसकट सगळं देशभर पोचलं. उत्तरेतल्या एखाद्या गावातल्या पोराला वाचून कळलं की लंडनला एक खोली आहे, तिथं माझ्यासारखे शेकड्यानं जमतात. मग बँडांनी आपल्या टेपा नीलकडे आणून द्यायला सुरुवात केली.

त्यांतली एक टेप आयर्न मेडनची. स्टीव्ह हॅरिसनं हा बँड १९७५ च्या नाताळात काढला होता. पूर्व लंडनच्या पबांत वाजवत होते, पण मध्य लंडनच्या क्लबांत त्यांना कोणी उभं करत नव्हतं. ३० आणि ३१ डिसेंबर १९७८ ला ते केंब्रिजच्या स्पेसवर्ड स्टुडिओत गेले आणि चार गाणी ध्वनिमुद्रित केली: 'आयर्न मेडन', 'इन्व्हेजन', 'प्राउलर' आणि 'स्ट्रेंज वर्ल्ड'. मूळ मास्टर टेप विकत घ्यायला खिशात पैसे नव्हते. पैसे जमवून परत गेले तोवर स्टुडिओनं ती पुसून दुसऱ्या कामाला वापरली होती. हातात राहिली ती नुसती प्रत.

हॅरिसनं टेप नेऊन दिली तेव्हा नीलनं ती इतर टेपांच्या ढिगात ठेवून घेतली, बघू केव्हातरी, अशा थाटात. घरी जाऊन लावली आणि मग याच्यावर तुम्ही पैसे कमवाल असं सांगायला त्याच्याच मागं लागला. हा प्रसंग दोघांनीही अनेकदा सांगितलेला आहे. मला त्यातला ढीग महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक डीजेकडे असा ढीग असतो. माझ्याकडे शूजच्या खोक्यात होता. त्यातल्या निम्म्या टेपा मी कधीच ऐकल्या नाहीत, आणि त्या पोरांची तोंडं आजही आठवतात.

पुढं नीलनं टेप क्लबात वाजवली. ज्यांनी डेमो कॅसेट पीएवर लावली आहे त्यांना ठाऊक आहे की हे धाडसाचं काम. रेकॉर्डसमोर कॅसेट पिचकी वाटते, गाण्याआधीची सूंऽऽ अशी खरखर मोठ्या स्पीकरवर पावसासारखी येते, आणि नेमकी सुरुवात पकडायला पेन्सिलनं चाकं फिरवत बसावं लागतं. तरीही पोरांनी मागणी लावून धरली आणि १९७९ च्या पूर्वार्धातच 'प्राउलर' साउंडहाउसच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. विचार करा: दुकानात नसलेलं, कुठल्याही कंपनीनं न काढलेलं गाणं साप्ताहिकात पहिल्या क्रमांकावर छापून आलं. पोरं दुकानात जाऊन मागणार तरी काय?

म्हणून बँडनं स्वतःच छापायचं ठरवलं. 'रॉक हार्ड' असं घरगुती लेबल लावून ९ नोव्हेंबर १९७९ ला तीन गाण्यांची छोटी रेकॉर्ड निघाली, नाव 'द साउंडहाउस टेप्स'. 'स्ट्रेंज वर्ल्ड' मनासारखं उतरलं नव्हतं म्हणून वगळलं. ५००० प्रती टपालानं विकल्या आणि काही आठवड्यांत संपल्या. एव्हाना रॉड स्मॉलवुडनं ती टेप ऐकून बँडची सूत्रं हातात घेतली होती. डिसेंबरात ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करार. एप्रिल १९८० मध्ये पहिला अल्बम, ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर, आणि त्याचं पहिलं गाणं 'प्राउलर'. रेकॉर्डच्या नावात क्लबचं नाव घालणं हा मला सगळ्यांत सरळ आभार वाटतो. बँड लोक सहसा आई, देव आणि मॅनेजरचे आभार मानतात. डीजेचा नंबर लागत नाही.

मधली एक तारीख राहिली: ८ मे १९७९. कॅम्डनच्या 'म्युझिक मशीन'मध्ये (आजचं कोको) एकाच रात्री एंजेल विच, आयर्न मेडन आणि सॅमसन, आणि डेकवर नील के. बार्टननं त्या रात्रीचं वृत्त लिहिलं आणि १९ मेच्या अंकात 'न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल' हे शब्द छापून आले. नाव बार्टनच्या डोक्यातलं नव्हे, संपादक अ‍ॅलन लुइसच्या. चळवळीला नाव कार्यकर्ते देत नाहीत, मथळा लावणारा देतो, हे आपल्याकडेही नवीन नाही.

त्यानंतर नीलची गाडी हॉलबाहेर पडली. फेब्रुवारी १९८० मध्ये ईएमआयनं 'मेटल फॉर मुथाज' हा नव्या बँडांचा संग्रह काढला, त्याच्या निवडीत नील होता. मेडनची दोन गाणी सोडली तर संग्रह उंचसखलच आहे. काही बँडांची नावं गाण्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात. एकाचं नाव 'एथेल द फ्रॉग'. त्याच नावाच्या दौऱ्यावर नील डीजे म्हणून गावोगाव फिरला. १६ ऑगस्ट १९८० ला डॉनिंग्टनच्या शर्यतीच्या मैदानावर पहिला 'मॉन्स्टर्स ऑफ रॉक' झाला, वरचा बँड रेनबो, खाली जूडस प्रीस्ट, स्कॉर्पियन्स, सॅक्सन वगैरे. तिथं रेकॉर्ड वाजवायला नीलच.

मला मात्र वाटतं की मैदानावर त्याचं खरं काम उरलं नाही. हजारोंच्या गर्दीत फर्माइश कोण आणून देणार? तिथं डीजे पुन्हा मार्कीसारखा झाला, दोन बँडांच्या मधला. मोठ्या स्टेजवर मीही दोन-तीनदा उभा राहिलो आहे. मोबदला चांगला मिळतो, फोटो चांगले येतात, आणि कोण काय ऐकायला आलंय ते अजिबात कळत नाही.

यादीनं सुरू केलेलं काम मग इतरांनी उचललं. जून १९८१ मध्ये 'साउंड्स'ची पुरवणी म्हणून 'केरँग' निघालं, संपादक तोच जेफ बार्टन. असल्याच साप्ताहिकांतून बँडांची नावं टिपून ठेवणारा लार्स उलरिक नावाचा एक डॅनिश पोऱ्या तेव्हा लॉस एंजेलिसला राहत होता. १९८१ च्या उन्हाळ्यात तो डायमंड हेड हा बँड ऐकायला थेट इंग्लंडला गेला, परतला आणि मेटॅलिका हा बँड काढला.

आपल्याकडे असा डीजे का झाला नाही, हेही लगे हाथ सांगतो. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचं आणि पुण्याहून आम्ही पोरं ट्रेननं जायचो. बँड होते, गर्दी होती, वेड होतं. पण रेकॉर्ड कोणाकडे असायच्या? एखाद्याचा काका गल्फहून किंवा बोटीवरून आणायचा, मग त्याची कॅसेट, कॅसेटवरून कॅसेट, चौथ्या प्रतीला झांजा पार गायब. पुढं शांतता क्षेत्राच्या नियमात रंगभवन बंद पडलं. शेजारी कॉलेज आणि इस्पितळं. दर आठवड्याला तीच खोली आणि तीच माणसं, हे जमलंच नाही कधी. आणि त्याशिवाय मोजणार काय?

१ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडन वांद्रे-कुर्ला संकुलात वाजले, त्या जागतिक दौऱ्याचा पहिलाच प्रयोग. 'आयर्न मेडन' हे गाणं सुरू झालं तेव्हा शेजारचा विशीतला पोरगा हातात काही नसताना सोलो वाजवत होता, डोळे मिटून. केंब्रिजच्या त्या पुसलेल्या टेपेवरचंच गाणं. मी त्याला किंग्सबरीबद्दल सांगायला गेलो. त्याला ऐकू आलं नाही. बरोबरच आहे.

आता तुमच्या मेटल नाइटबद्दल. बँड नसला तरी चालेल, खोली मात्र बदलू नका. तीच जागा, तोच वार. मोठा पीए भाड्यानं आणा, पण कानाला जपा: ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं सुरक्षित. डीजे रात्रभर तिथंच असतो, त्यामुळे इअरप्लग हा त्याचा पहिला खर्च, दुसरा नाही. माझ्या डाव्या कानात आता कायमचा किडा वाजतो. तरुणपणी कापूस घालून भागेल असं वाटलं होतं. लॅपटॉपवर वाजवणार असाल तर फरशीची कटकट वाचली, पण सॉफ्टवेअरमधलं आपोआप बीट जुळवायचं बटण पहिल्याच दिवशी बंद करून टाका.

आणि टेबलावर एक वही ठेवा, दोरीनं बांधलेलं पेन लावून. व्हॉट्सअ‍ॅपवर फर्माइशी घेऊ नका. तिथं न आलेले लोकही मागतात. वहीत उठून येऊन लिहावं लागतं. प्रत्येक पानावर तारीख घाला, रात्री घरी गेल्यावर रेघा ओढून मोजा आणि पुढच्या महिन्यात पहिली दहा गाणी दाराशी चिकटवा. गावातल्या बँडांना सांगून ठेवा की एक गाणं आणून द्या, वाजवू. आणलेलं मात्र सगळं ऐकायचं, ढिगात ठेवायचं नाही. सहा महिन्यांनी त्या यादीत एखाद्या पुणेरी पोरांचं, कुठंही न निघालेलं गाणं वर चढलेलं दिसलं तर हॉटेलवाल्याला ती वही दाखवा. आणि मला कळवा, मी फरशी घेऊन येतो.